मराठी भयपट यूए १६+ मध्ये बसवायचा कसा, आणि इशारे लिहायचे कसे

प्रश्न असा आहे : कोकणातल्या जुन्या वाड्यात घडणारा ११८ मिनिटांचा मराठी भयपट, संकलन जवळजवळ झालेलं. नऊ वर्षांच्या मुलीला झपाटलं जातं, भगत येऊन भूत उतरवतो, आणि मागच्या पिढीत एका सुनेने त्याच वाड्यात गळफास घेतलेला आहे. निर्मात्याला यूए १६+ हवं आहे, म्हणजे सोळाखालच्यांनी बघावं की नाही हे पालकांवर सोडणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र. ते मिळेल का, ए (फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी) आलं तर काय बिघडतं, आणि पडद्यावर कोणते इशारे द्यावेत?

मिळू शकतं. मात्र तुम्ही रक्ताच्या दृश्यांना कात्री लावायला निघाला आहात, त्याआधी मुलीचे प्रसंग पुन्हा बघा. अशा कथेत ए येतं ते बहुतेक वेळा तिथून.

आधी वर्गांबद्दल, कारण ते नुकतेच बदललेत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि मार्च २०२४ मध्ये प्रमाणनाचे नवे नियम आले. १९८३ पासून चालत आलेला एकच यूए जाऊन त्याचे तीन झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. यू (सगळ्यांसाठी) आणि ए होते तसेच आहेत. (एस हा वर्ग विशिष्ट व्यावसायिकांपुरता असतो, त्याचा तुमच्याशी संबंध नाही.) प्रमाणपत्रावरच्या देवनागरी अक्षरांनी अनेकांची गफलत होते. तिथला ‘अ’ म्हणजे ए नाही. तो ‘अनिर्बंधित’चा अ, म्हणजे यू. वयस्कांसाठीच्या चित्रपटावर ‘व’ असतं. पोस्टर करणाऱ्याला हे स्पष्ट सांगा, कारण जाहिरातीत, होर्डिंगवर आणि पोस्टरवर वर्ग छापणं बंधनकारक आहे.

यूए १६+ आणि ए यांत आकडा दोन वर्षांनीच वेगळा, पण कायद्याने दोन्ही अगदी वेगळ्या जातीचे आहेत. यूएपुढचं वय ही पालकांना दिलेली सूचना आहे. २०२३ च्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलंय की ती अमलात आणणं हे फक्त पालकांच्या हातात. थिएटरवाला बारा वर्षांच्या मुलाला त्यावरून अडवू शकत नाही. ए ही बंदी आहे. आईवडील सोबत असले, त्यांची हरकत नसली, तरी अठरा पूर्ण न झालेल्याला आत सोडायला कायद्याने मनाई आहे. म्हणून थिएटरवाले ओळखपत्र मागतात. मराठी चित्रपटाला घरातले सगळे मिळून जातात. एका दहावीतल्या मुलामुळे पाचही तिकिटं जातात. दुसरा फटका टीव्हीचा. वाहिन्यांवर ए चालत नाही. तिथे दाखवायचा तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडून बदलांसह वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि सॅटेलाइट हक्कांची बोलणी करताना समोरचा हा खर्च आणि धोका किमतीतून वजा करतो.

तरीही एक गोष्ट मनापासून सांगतो. चित्रपटाचा कणाच जर अठराखालच्यांनी न बघण्याचा असेल, तर ए घ्या आणि अभिमानाने घ्या. अर्धवट कापून यूएमध्ये कोंबलेला भयपट मोठ्यांना भीती घालत नाही आणि लहानांना मात्र घालतो. तो दोन्हीकडून फसतो.

आता मंडळ काय बघतं. ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं आजही आधार आहेत. त्यांत भयाचा उल्लेख थेट येतो : निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य आणि भय यांची दृश्यं नकोत. बालकं हिंसेला बळी पडताना, हिंसा करताना किंवा जबरदस्तीने बघायला लावली जाताना दाखवणं हा वेगळा मुद्दा आहे, प्राण्यांवरचं क्रौर्य हा आणखी वेगळा. आणि चित्रपटाचा विचार त्याच्या एकूण परिणामावरून करायचा असंही त्यांत म्हटलंय. भयपटासाठी हे शेवटचं फार कामाचं आहे. एखादं दृश्य एकटं काढून दाखवलं तर सौम्य वाटतं, पण चाळीस मिनिटं न सुटलेल्या ताणानंतर आलं की त्याचं वजन तिप्पट होतं. भय आणि विनोद एकत्र असलेल्या चित्रपटांना यूए सहज मिळतं ते याचमुळे. भूत तितकंच विद्रूप असतं, पण दर पाचसात मिनिटांनी प्रेक्षक मोकळा श्वास घेतो. तुमच्या चित्रपटात हसायची जागा नसेल तर निदान उजेडाची ठेवा : सकाळचं अंगण, चूल, विहिरीवरचं बोलणं. मध्यंतरानंतर सलग वीस मिनिटांहून जास्त रात्र असेल तर तिथे एक अशी खिडकी उघडा.

मुलीचे प्रसंग. बाहुलीसारखी मान वळवणारी, आवाज बदललेली मुलगी यूए १६+ मध्ये चालते. तिच्या शरीराला होणारी इजा आणि तिने केलेली इजा, या दोन गोष्टी वर्ग चढवतात. तिने सुरी उचलली तर सुरी आणि जखम एका फ्रेममध्ये ठेवू नका. मुलीचा चेहरा, मग कट, मग जखमी माणूस. जखमेवर कॅमेरा थांबू देऊ नका. एका सेकंदाचा शॉट आणि चार सेकंदांचा शॉट यांत मजकूर तोच असला तरी निवाडा वेगळा होतो, कारण चार सेकंदांत प्रेक्षकाला तपशील न्याहाळायला वेळ मिळतो. आणि शेवटी मुलगी सुखरूप दिसते का, हे ठरवा. अखेरच्या शॉटमध्ये तिचे डोळे पुन्हा पांढरे करायचा मोह सगळ्यांना होतो. त्या तीन सेकंदांनी आधीचा सगळा दिलासा पुसला जातो, आणि वयाच्या हिशेबात दिलाशाला मोठी किंमत आहे.

लहानांच्या भीतीचं गणितही लक्षात ठेवा. सात वर्षांखालच्या मुलाला दिसणारं रूप घाबरवतं : फाटलेला चेहरा, माणसाचं होणारं रूपांतर. ‘हे खोटं आहे’ या समजुतीचा त्याला फारसा उपयोग होत नाही. आठ ते बारामधल्याला खरं घडू शकणारं घाबरवतं : घरात शिरलेला माणूस, आईचा मृत्यू. त्यापुढे मनातली, न दिसणारी भीती काम करू लागते. तुमचा वाडा, त्यातली माजघराची खोली, पलंगाखालचा अंधार हे मराठी मुलाच्या आजोळचं चित्र आहे. ओळखीची जागा भीती घरी घेऊन जाते, म्हणून तुम्ही १३+ ची आशा धरू नका. १६+ हेच खरं लक्ष्य ठेवा.

भूत उतरवण्याचा प्रसंग. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब तुमचा प्रसंग आहे : भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस ओढणं, चटके देणं. कथेत हे दाखवणं आपोआप गुन्हा होत नाही. पण कथा जर म्हणत असेल की मारल्यामुळे मुलगी बरी झाली, तर सुरुवातीची कितीही लांब पाटी ती बाजू सावरू शकत नाही. मंडळाच्या परीक्षण समितीतले लोक पाटी वाचतात आणि प्रसंगही बघतात. मार्ग असा : मार बसत असताना कॅमेरा आईवर किंवा दारातल्या भावावर ठेवा, मारहाणीची लांबी दहाबारा सेकंदांत आणा, आणि सुटका भगताच्या काठीखेरीज दुसऱ्या कशाने तरी होऊ द्या. भगताचा उपाय फसतो हे कथेत आलं तर भयही वाढतं आणि तुमची भूमिकाही स्वच्छ राहते. पाटीवर ‘आम्ही अंधश्रद्धेचे समर्थन करत नाही’ एवढंच मोघम लिहू नका. लिहा : ‘भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली कोणालाही बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे.’ ही पाटी एखाद्या गावातल्या एखाद्या पोरीच्या खरोखर उपयोगी पडू शकते.

सुनेची आत्महत्या. दोर कसा बांधला, कुठे बांधला, पायाखालचं काय सरकवलं, यातलं काहीही दाखवू नका. आधीचा चेहरा आणि नंतरची रिकामी खोली पुरते. सावली हलताना दाखवायची असेल तर दोन सेकंद. आणखी एक विचार करा, तो मंडळासाठी नाही, प्रेक्षकासाठी. छळ सोसलेली बाई जीव देते आणि मग तिला अफाट ताकद मिळते, ही आपल्या भयकथांची जुनी चौकट आहे. आज सासरी कोंडलेल्या बाईला ती काय सांगते? तिला कोणी मारलं किंवा मरू दिलं, असं कथेत वळवता आलं तर दृश्यही सोपं होतं आणि ही चौकटही मोडते. वळवता येत नसेल तर शेवटी श्रेयनामावलीच्या आधी निदान सहा सेकंदांची पाटी द्या : टेलिमानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

कावळा, मांजर, कोंबडं. चित्रीकरणाआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि चित्रपट प्रमाणनाला देताना त्यांचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. परवानगीशिवाय रस्त्यावरचं कुत्रं सहज फ्रेममध्ये आलं तरी तो शॉट अडकतो. कोंबड्याचा बळी संगणकावर केला असेल तर तेही जाहीर करावं लागतं आणि पडद्यावर ‘सीजीआय’ असं लिहावं लागतं. काळोख्या फ्रेममध्ये ती अक्षरं भीती घालवतात, म्हणून बळी आवाजावर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर काढलेला बरा. गड्याच्या हातातली बिडीही तशीच. तंबाखू दिसला की खाली स्थिर इशारा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी किमान ३० सेकंदांची आरोग्यचित्रफीत आणि २० सेकंदांचं निवेदन येतं. बिडीने कथा हलत नसेल तर काढून टाका.

बालकलाकार असल्यामुळे एक पाटी तुम्हाला सक्तीची आहे : चित्रीकरणादरम्यान मुलाचा छळ, दुर्लक्ष किंवा शोषण होऊ नये म्हणून सर्व उपाय केले होते. बालकामगार नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीतून ती आली. त्याच नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि दिवसाला पाच तासांची व विश्रांतीशिवाय सलग तीन तासांची कामाची मर्यादा असते. ते कागद फाइलमध्ये तयार ठेवा.

अर्जाची वाट. चित्रपट ७२ मिनिटांहून मोठा असल्यामुळे परीक्षण समितीत चार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी असतात. अर्ज ऑनलाइन, मुंबई विभागीय कार्यालयाकडे. चित्रपट अंतिम स्वरूपात, पार्श्वसंगीत आणि ध्वनिपरिणामांसह दाखवावा लागतो. भयपटात हे निर्णायक आहे, कारण अर्धी हिंसा कानाने होते. हाड मोडल्याचा आवाज, मांसात पातं शिरल्याचा ओला आवाज, कटवर बसवलेला मोठा दणका, हे तिन्ही मिक्सिंगमध्ये कमी केले तर चित्र न कापता दृश्य बरंच उतरतं. आधी तिथे हात घाला, चित्राला शेवटी.

समिती तुम्हाला पर्याय देऊ शकते : आहे तसा ए, किंवा अमुक बदल करून यूए १६+. बदलांच्या यादीत ‘हे दृश्य ५० टक्क्यांनी कमी करा’ अशी भाषा असते. सहा सेकंदांच्या शॉटमधले तीन सेकंद काढले की खालचं संगीत घसरतं, दणका चुकीच्या फ्रेमवर येतो आणि मिक्स पुन्हा उघडावं लागतं. यावर उपाय चित्रीकरणातच असतो. प्रत्येक जोखमीच्या शॉटला तेवढ्याच लांबीचा एक सौम्य पर्याय घेतलेला असेल तर तो आता हाताशी ठेवा, म्हणजे काढलेल्या जागी तो बसतो आणि पुढचं सगळं जागेवर राहतं. संवाद, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांचे स्टेम्स (स्वतंत्र ध्वनिपट्टे) वेगवेगळे जपून ठेवा. निर्णय मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्यापुढचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. कमी बजेटच्या चित्रपटाला तिथवर जाणं परवडत नाही, म्हणून पहिल्या समितीपुढेच नीट बोला. ‘कलात्मक स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारण्यापेक्षा, प्रत्येक दृश्य कथेत कशासाठी आहे आणि त्याची लांबी किती सेकंद आहे, हे सांगणारा कागद हातात असू द्या. प्रदर्शनाची तारीख प्रमाणपत्र हातात येण्याआधी जाहीर करू नका. तारीख गळ्याशी आली की निर्माते कुठलाही कट मान्य करतात.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर चित्रपटात काहीही घालायचं किंवा काढायचं तर मंडळाला कळवून त्याची नोंद करून घ्यावी लागते. सुरुवातीला दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल तर तो कट झालेला चित्रपट आहे, आणि कटांचा तपशील प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असतो.

ओटीटीची व्यवस्था वेगळी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच वर्गीकरण करतो, आणि तिथे विषय, हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ यांच्या बरोबरीने ‘भय’ हा स्वतंत्र निकष आहे. यू/ए १३+ आणि त्यावरच्या सगळ्याला पालकांसाठी कुलूप, ए असेल तर वयाची खात्रीशीर पडताळणी, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला वर्गासोबत आशयाचं वर्णन. हे वर्णन प्लॅटफॉर्मवरचा माणूस घाईत करतो. म्हणून चित्रपटासोबत टाइमकोडसह एक तक्ता पाठवा : कुठे, काय, किती सेकंद. म्हणजे ‘हिंसा, भय’ या दोन शब्दांऐवजी काहीतरी उपयोगाचं लिहिलं जाईल.

आता इशारे. वर्ग सांगतो कोणी बघू नये. इशारा सांगतो आत काय आहे. अठराच्या वरची माणसंही काही गोष्टी बघू शकत नाहीत, आणि तो त्यांचा कमकुवतपणा नसतो. नुकतंच मूल गमावलेल्या आईला तिकीट काढण्याआधी कळायला हवं. ‘काही दृश्ये विचलित करू शकतात’ या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. भयपट विचलित करणारच. वस्तूचं नाव घ्या, कथा सांगू नका. तुमच्यासाठी मजकूर असा होईल : ‘या चित्रपटात लहान मुलीवरील हिंसा, आत्महत्येचा संदर्भ, बांधून केलेली मारहाण आणि झगमगणारा प्रकाश आहे.’ कोण मरतं, कधी मरतं, हे त्यात कुठेच येत नाही. ‘सूचक’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन शब्द नीट वापरा. आत्महत्या दिसत नसेल तर ‘संदर्भ’ म्हणा, नाहीतर ज्यांना चाललं असतं तेही दूर राहतील. पाचाहून जास्त गोष्टी लिहू नका, लांब यादी कोणी वाचत नाही.

काळ्यावर पांढरी अक्षरं, मागे संगीत नको. वेळ ठरवायला मजकूर मनात सावकाश दोनदा वाचा; वरच्या वाक्याला साधारण बारा सेकंद लागतात. पण पडद्यावरची पाटी दिसते तेव्हा माणूस पैसे देऊन अंधारात बसलेला असतो. म्हणून हाच मजकूर तिकीटविक्रीच्या पानावर आणि चित्रपटगृहाच्या खिडकीवर आधी हवा.

झगमगत्या प्रकाशाचा इशारा वेगळा, कारण त्यात मनाचा प्रश्न नसून मेंदूचा आहे. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला झटका येऊ शकतो. मान्य मर्यादा सेकंदाला तीन उघडझाप. २४ फ्रेमच्या चित्रपटात म्हणजे एका उघडझापीला किमान आठ फ्रेम हवेत. माजघरातली चालूबंद होणारी ट्यूबलाइट दोन फ्रेम उजेड, दोन फ्रेम अंधार अशी कापली असेल तर ती सेकंदाला सहा होते, म्हणजे दुप्पट. ती बारा फ्रेमवर आणा. डोळ्याला ती मंद आणि जास्त अशुभ वाटते. गडद लाल उघडझाप सर्वांत घातक, ती काढूनच टाका. टीव्हीसाठीच्या नियमांत पडद्याच्या चौथ्या भागाहून लहान झगमगाटाला थोडी सवलत असते, पण थिएटरात पडदाच नजर व्यापतो, तेव्हा ती सवलत धरू नका.

परदेशातल्या मराठी मंडळांमध्ये खेळ लावणार असाल तर तिथला वर्ग वेगळा. ब्रिटनमध्ये तिथल्या मंडळाचं प्रमाणपत्र किंवा स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. तिथे धमकी आणि भय हा स्वतंत्र निकष आहे, आणि १५ व १८ हे वर्ग पालक सोबत असले तरी सुटत नाहीत. अमेरिकेत आर वर्गाला सतराखालचं मूल पालकांसोबत जाऊ शकतं. भारतातून गेलेल्या कुटुंबांना आर म्हणजे आपलं ए असं वाटतं, आणि तिथे वाढलेल्यांना इथे आल्यावर ए म्हणजे आर वाटतं. तिकिटाच्या पानावर एक ओळ लिहून हा गोंधळ टाळता येतो.

शेवटी ट्रेलर. थिएटरात दाखवायचा ट्रेलर स्वतंत्रपणे प्रमाणित होतो आणि तो ए झाला तर कौटुंबिक चित्रपटाआधी लावता येत नाही. तुमच्या प्रेक्षकाला पकडायची जागा नेमकी तीच आहे. म्हणून मुलीचा हिंसक शॉट, सुनेची सावली आणि ट्यूबलाइट यांतलं काहीही ट्रेलरमध्ये घालू नका. रिकामा झोपाळा, बंद माजघर आणि मुलीचा आवाज एवढ्यावर दीड मिनिट निघतं, आणि असा ट्रेलर यू किंवा यूएमध्ये सहज बसतो.